शिळफाट्याचं घर कडावला गेलं

हिरामण माथेरानच्या एका हॉटेलात आचारी होता. त्याच्या हातचा रस्सा खायला मुंबईची पाहुणेमंडळी वर्षाआड परत यायची. पण त्याच्या डोक्यावरचं छप्पर मात्र कधीच त्याचं नव्हतं. आठ महिने हॉटेलच्या मागची नोकरांची खोली. पावसाळ्यात हॉटेल बंद झालं, की बोचकं बांधून बायकोसकट कडावला, मेव्हण्याच्या पडवीत. मेव्हणा पदू प्रेमळ होता, पण पडवी ती पडवी. हिरामणची बायको मैना तिथं सकाळी उठली, की आधी अंथरूण गुंडाळून दिसेनासं करायची; कुणाला आपली अडचण नको, म्हणून.

एकोणीसशे एकोणसत्तर साली, माघ महिन्यात, हिरामणनं घर घेतलं.

घर होतं खोपोलीजवळच्या शिळफाट्याला, बाजाराच्या मागच्या अंगाला. मालक दत्तोपंत. खोपोलीच्या शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी. मुलाकडे डोंबिवलीला राहायला जायचं होतं त्यांना. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. सागाचे खांब, मंगलोरी कौलं, पुढं ओटी, मधे माजघर, उजव्या हाताला स्वयंपाकघर. घर घेताना बघावं असं जे जे लोकांनी सांगितलं, ते सगळं हिरामणनं बघितलं. खांबांवर बोटानं टकटक करून वाळवी बघितली. भिंतीला नाक लावून ओल हुंगली. दुपारी माजघराचं दार बंद करून आत उभा राहिला आणि छपरातून उजेडाचे ठिपके किती पडतात ते पाहिलं. विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं. मग गुरुजींना विचारलं, "तुमी हे घर मला दिलंत, असं मी समजू?"

"दिलं की," दत्तोपंत म्हणाले. "लाकूडफाटा, कौलं, दारं-खिडक्या, सगळं तुमचं."

इतका कमी भाव ऐकून हिरामणला वाटलं, गुरुजी मनानं फार मोठे. मैना तर त्यांच्या पाया पडली.

चैत्रापर्यंत मैनानं घराचं रूप पालटलं. जमीन चोपून सारवली, भिंतींना पांढरी माती दिली, मोरीच्या पाण्यावर अळू लावलं. हिरामण रजा काढून आठवड्यासाठी खाली आला होता. ओटीवर पाय पसरून बसला होता आणि एवढ्यात दत्तोपंत आले. अंगणातच थबकले. सारवलेल्या ओटीकडे पाहिलं, अळवाकडे पाहिलं.

"अहो हिरामण, हे काय? अजून मोडायला घेतलं नाहीत?"

"काय मोडायला, गुरुजी?"

"घर."

हिरामणला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मैना हातातलं सूप तसंच धरून दारात आली.

"घर कशापायी मोडायचं?" हिरामणनं विचारलं.

"न्यायचं कसं मग?" गुरुजीही गोंधळले. "घर तुम्हांला दिलं. जागा कुठं दिलीय? जागा आम्हां दोघा भावांची. पुण्याचा धाकटा भाऊ वैशाखात इथं गाळे बांधायला घेणार आहे. मला वाटलं, तुमची कुठंतरी जागा असेल, तिथं हे लाकूडसामान नेऊन उभं करणार तुम्ही. सगळे तसंच करतात."

"आन मी म्हनलं होतं ना, घर?"

"मीही घरच म्हटलं."

दोघंही खरं बोलत होते. त्यामुळे भांडायचं कसं, तेच दोघांना कळेना. दत्तोपंत ओटीच्या कडेला टेकले, मैनानं दिलेलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "नको असेल तर सौदा मोडू. तुमचं तुम्हांला परत देतो." हिरामणला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना.

पुढचे चार दिवस तो नुसता लोकांना विचारत फिरला. नाक्यावरचा चहावाला म्हणाला, "हलूच नका. राहत्या माणसाला कोण काढतोय?" हिरामणला पटलं. तिथून तो खालापूरला कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला आणि घरपट्टी वेगळी, बिनशेतीचा दाखला वेगळा, जागेचा उतारा वेगळा, असं बरंच काही समजावून सांगितलं. हिरामण प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिला. बाहेर आल्यावर त्यातलं एक अक्षर त्याला आठवेना. परतीच्या एसटीत शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "पैसं परत घे नि मोकळा हो." तेही पटलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याला तिन्ही गोष्टी सारख्याच बरोबर वाटत होत्या.

"मंग काय ठरवलंत?" मैनानं विचारलं.

"डोकं चालत नाय गं. आपन जिथं बसलोय, ते आपलं, आन ज्याच्यावर बसलोय, ते दुसऱ्याचं. असं कुटं असतं का?"

मैनानं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मी पडवीत परत जायाची नाय. घर आपलं हाय ना? जागा नाय, तर जागा बघू. घर सोडायचं नाय."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कडावला गेली आणि पदूला घेऊन आली. पदूच्या घराच्या उत्तरेला, खळ्याच्या पलीकडे एक पट्टा पडून होता. तो बहिणीला द्यायला पदू एका पायावर तयार होता.

"दाजी, माझी जागा घ्या. त्यात काय इचार करायचा?"

पण हिरामण आता पोळला होता. "पदू, जागा देतोस म्हंजी नक्की काय देतोस?"

"जागा."

"माती माझी का? कुडाची हद्द कुटवर? वाट कुनाची? उद्या तुजी पोरं मोठी झाली, मंग?"

पदूचा चेहरा उतरला. "दाजी, मी काय परका हाय का रं देवा?" त्याला राग आला होता आणि हिरामणला त्याचं वाईट वाटत होतं, पण विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. शेवटी दोघं तलाठ्याकडे गेले, पंचांसमोर चारी कोपऱ्यांना दगड पुरले आणि जे काय लिहायचं ते लिहून घेतलं. परतताना पदू म्हणाला, "आता बरं वाटतंय का?" हिरामण म्हणाला, "वाटतंय, पन अजून काय इचारायचं राह्यलंय का, ते कळत नाय."

घर मोडायला कडावचा सखा सुतार आला. सखानं आधी सगळ्या लाकडांवर खडूनं खुणा केल्या. कुठला वासा कुठल्या तुळईवर, कुठला खांब कुठल्या कोपऱ्याचा, सगळं. मग कौलं उतरली, रिपा निघाल्या, वासे निघाले, शेवटी आढं खाली आलं. मैनानं लावलेलं अळू उघड्यावर पडलं. ट्रक भरून सगळं कर्जतवरून कडावला पोचलं आणि पदूच्या खळ्यात त्याची रास लागली.

भिंतींचं काम होईपर्यंत लाकडं तशीच राहणार होती. कुणीतरी मैनाला सांगितलं, की जुन्या सागालाही जागा बदलली की वाळवी लागते. करंजाचं तेल पाजलेलं बरं. मैनानं मनावर घेतलं. हिरामण पुन्हा माथेरानला गेला होता. तिनं भावजयीला हाताशी धरलं आणि एकेक लाकूड ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून त्याला तेल चोळलं. लाकडं नव्यासारखी चकाकायला लागली.

सखा जोडणीला आला आणि राशीभोवती फिरत राहिला.

"वयनी, खुणा कुटं गेल्या?"

"कसल्या खुणा?"

"खडूच्या."

मैना म्हणाली, "त्या खुणा व्हत्या? मला वाटलं मळ हाय. चांगला घासून काढला मी."

सखानं डोक्याला हात लावला. हिरामणला निरोप गेला, तो धावत खाली आला. मग जो तो आठवेल तसं सांगू लागला. हिरामण म्हणे, बारीक खांब ओटीचे. मैना म्हणे, माजघराचे. सखा म्हणे, हा वासा इथंच होता, आणि वासा वीतभर आखूड निघे. शेवटी लाकडं जिथं बसतील तिथं बसवली. घर उभं राहिलं, पण स्वयंपाकघर डाव्या हाताला आलं. एक खिडकी परसात न उघडता माजघरातच उघडू लागली. आणि सगळं झाल्यावर एक दाराची चौकट उरली. शिळफाट्याला ती कुठं होती, ते कुणालाच सांगता येईना. ते दार आता नव्हतं, आणि त्याची उणीवही कुणाला भासत नव्हती.

हिरामणला मात्र त्या घराची सवय व्हायला दोन पावसाळे गेले. झोपेतून उठला, की उजवीकडे चूल शोधायचा आणि भिंतीवर आपटायचा. मैना हसायची. दर वैशाखात हिरामण दोन दिवस रजा काढायचा आणि दोघं मिळून कौलं परतायची, फुटकी काढून नवी घालायची. घर फारसं गळलं नाही. जिथं गळलं, तिथं सखाही म्हणायचा, "ह्ये का गळतंय, देवाला ठाऊक."

सात-आठ वर्षांनी दत्तोपंत कडावला एका लग्नाला आले. हिरामण त्यांना वाटेत भेटला आणि हट्टानं घरी घेऊन आला. गुरुजी थकले होते. ओटीवर बसून त्यांनी चहा घेतला, आजूबाजूला कौतुकानं पाहिलं.

"छान बांधलंय हो घर. प्रशस्त आहे. सुतार कोण?"

"लाकडं तुमचीच, गुरुजी," हिरामण म्हणाला. "तुमचंच घर हाय ह्ये."

दत्तोपंतांनी वर पाहिलं. आढ्याला मधे एक बाक होता. बांधताना त्या बाकावरून त्यांनी सुताराशी मोठा वाद घातला होता. बाक तसाच होता. ते उठले, माजघरात गेले आणि सरळ उजवीकडे वळले. तिथं भिंत होती. क्षणभर ते भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. मैना म्हणाली, "गुरुजी, चूल हिकडं." ते वळले, स्वयंपाकघरात डोकावले, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर हसू होतं आणि डोळे भरले होते.

जेवताना हिरामणनं विचारलं, "डोंबिवलीला घर कसं हाय?"

"मुलानं ब्लॉक घेतलाय. तिसऱ्या मजल्यावर."

"आन जागा?"

दत्तोपंतांचा घास हातात राहिला. "जागा सोसायटीची. म्हणजे सगळ्यांची. म्हणजे आमच्या वाट्याला तशी... मुलानं एकदा समजावलं होतं मला."

"तुमच्या खाली कुनी ऱ्हातं?"

"दोन कुटुंबं. वरही एक आहे."

हिरामण विचारात पडला. दत्तोपंतही. मैनानं दोघांच्या पानात भात वाढला आणि गुरुजींना म्हणाली, "जेवा आधी. आमटी गार व्हते."