साडू, बेदाणे आणि क्रूझवरचं दार

जगात बंद दार नावाची गोष्टच नसते, ओळख निघायला थोडा वेळ लागतो इतकंच, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. निफाडकडे त्यांची द्राक्षबाग, नाशिकला गंगापूर रोडवर बंगला, आणि या दोन्हींच्या मधे जेवढी म्हणून दारं लागतात तेवढ्या दारांवरच्या माणसांची गावं त्यांना पाठ. त्यांची पद्धत ठरलेली. आधी खांद्यावर हात, मग "कुठलं गाव तुमचं?" समोरच्याने कुठलंही गाव सांगो, तिथे यांचा एक मावसभाऊ नाहीतर औषधाच्या दुकानाचा मालक असतोच. तोवर गाडीच्या डिकीतून द्राक्षांची पेटी येते. सासरे दवाखान्यात होते तेव्हा भेटायची वेळ टळून गेल्यामुळे आम्ही सगळे फाटकाबाहेर ताटकळत होतो. साडूंना वॉचमन येवल्याचा सापडला. आम्ही वर पोचेपर्यंत हे महाशय वॉर्डभर द्राक्षं वाटून बसले होते, आणि साखरेच्या पेशंटांनी ती मिटक्या मारत खाल्ली होती. नर्सबाई फाडफाड बोलल्या. जाताना त्याही पेटी घेऊन गेल्या!

दुसरी खोड म्हणजे या गृहस्थांना एकट्याने मजा करता येत नाही. "माणसं सोडून मजा करायची म्हंजे चोरून खाल्ल्यासारखं वाटतं," असं म्हणतात. म्हणून जिथे जातील तिथे अख्खं घर घेऊन जातात, मग ती जागा अख्ख्या घराने जाण्यासारखी असो वा नसो. एकदा पाहुणचार म्हणून आम्हाला वायनरीत घेऊन गेले. स्वतः थेंबाला शिवत नाहीत, बायको उपासाची, मुलगी तेव्हा दहावीत. वाईन चाखायच्या खोलीच्या दारावरच्या मुलाने अदबीने सांगितलं, की लहान मुलांना आत सोडत नाही. साडू तापले. "अरे, द्राक्षं आमची, आन् आम्हालाच अडवतो?" वास्तविक यांची द्राक्षं खायची, त्यांचा त्या वाईनशी काडीचा संबंध नव्हता. पण शेवटी आम्ही सगळे आत बसलो, पाच जण लिंबूसरबत पीत. लोक आमच्याकडे बघत होते. साडूंना वाटलं, कौतुकाने बघतायत.

आता या दिलदार माणसाच्या घरातलं दार बघा. मुलगी तेजू, एकुलती एक, हुशार, बोलण्यात तिखट. तिला संध्याकाळी सातची हद्द. क्लास असो, मैत्रिणीचा वाढदिवस असो, पावणेसातला बापाचा फोन वाजणार, "कुठंय?" बारावीची परीक्षा संपल्यावर वर्गाने कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलात निरोपाची पार्टी ठेवली. ती सातला सुरू होणार, म्हणजे हिच्यासाठी सुरू व्हायच्या आधीच संपली. पोर दोन दिवस जेवली नाही. मी रदबदली करायला गेलो तर मलाच ऐकवलं, "साडूभाऊ, तुम्हाला मुलगी नाय, तुम्हाला नाय कळायचं." परक्याच्या दारात स्वातंत्र्यसैनिक आणि स्वतःच्या दारात जेलर, असा हा मामला.

तर या एप्रिलमध्ये, बागेतली द्राक्षं उतरल्यावर, साडूंच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. तेजू जूनमध्ये पुण्याला शिकायला जाणार होती. पुन्हा सगळे एकत्र कधी निघणार, म्हणून त्यांनी मुंबई-गोवा क्रूझ ठरवली आणि आम्हा नवराबायकोलाही ओढलं. एवढ्यावर थांबले तर ते साडू कसले! अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्या मोठ्या मेव्हणीला, चकित करायचं म्हणून बोटीवरच्या डिस्कोत जोडीने नाचायचं असा त्यांनी बेत केला, आणि नाच शिकवायला लावलं तेजूला. पॅकिंगच्या शेडमध्ये, रिकाम्या क्रेटच्या मधे, बापलेकीची तालीम चाले. मी एकदा पाहिली. तेजू पुढे, हे मागे, आणि नजर सारखी तिच्या पावलांवर. ती वळली की हे वळणार. ती शिंकायला थांबली तर हेही थांबले.

"पप्पा, माझ्याकडे बघू नका, पाठ करा."

"तू असणारच ना पुढं! पाठ कशाला करायचं?"

बंदरावर तपासणीत द्राक्षांची पेटी काढून ठेवली, पण बॅगेतली बेदाण्यांची पाकिटं सुटली, त्यामुळे साडू निर्धास्त होते. चढताना सगळ्यांच्या मनगटाला पट्टे बांधले, आमचे निळे, तेजूचा केशरी. त्याचा अर्थ आम्हाला संध्याकाळी डिस्कोच्या दारात कळला. दारावरचा तरुण हसतमुख होता, पण त्याने तेजूचा पट्टा बघितला आणि हात आडवा धरला. अठराच्या खालच्यांना प्रवेश नाही.

साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कौनसा गाव आपका?"

"इम्फाळ, सर."

एवढ्या वर्षांत मी साडूंना पहिल्यांदाच अडखळताना पाहिलं. इम्फाळला ना मावसभाऊ, ना औषधाचं दुकान. तरी बेदाण्याचं पाकीट पुढे केलंच. त्याने हात जोडून परत दिलं.

"अहो, तीन महिन्यात अठराची होईल! और मैं बाप हूँ उसका, साथ में हूँ!"

"फादर जा सकते हैं, सर," तो म्हणाला.

मागे रांग वाढत होती. कुणी तरी हसलं. अख्ख्या बोटीवर चोरून घुसायला बघणारी पोरं डझनभर असतील, पण पोरीला डिस्कोत घ्या म्हणून भांडणारा बाप हा एकटाच. "बापासमोर पोरगी काय बिघडणार हाय?" असं त्यांनी निफाडच्या बाजारात पोचेल अशा आवाजात विचारलं, आणि तेजूचे कान लाल झाले.

"पप्पा, बस करा," ती म्हणाली. "वर्गातल्या मुलींबरोबर जायचं होतं, तेव्हा सोडलं नाहीत. आणि इथे मला आत घ्या म्हणून भांडताय? तुम्ही, आई, मावशी, काका, सगळे बसणार आणि मी मधे. मी काय मजा करणार हो तिथे?"

तेजू खालच्या मजल्यावर निघून गेली. तिथे तिच्या वयाच्या मुलांसाठी वेगळी खोली होती.

आम्ही आत गेलो. साडूंनी आधीच सांगून ठेवलेलं गाणं लागलं, अक्कांना पुढे बोलावलं, टाळ्या झाल्या. आणि आमचे साडू उभेच. बागेतल्या खांबासारखे. एक पाय उचलला, तो कुठे ठेवायचा ते आठवेना, परत होता तिथेच ठेवला. खरं सांगतो, इतकी वर्षं मी या माणसाची फजिती व्हावी म्हणून टपून होतो, आणि झाली तेव्हा मला बघवेना. अक्काच त्यांचा हात धरून बाहेर घेऊन आल्या.

"तेजूला बोलावून आणतो," एवढंच म्हणून ते जिना उतरले. आम्ही मागोमाग.

त्या खोलीचं दार काचेचं. तिथे एक मुलगी उभी होती, तिने यांचा निळा पट्टा पाहिला आणि गोड आवाजात सांगितलं, "सॉरी अंकल, मोठ्यांना आत परवानगी नाही."

मला वाटलं, आता खांद्यावर हात जाणार, गाव निघणार, पाकीट निघणार. साडूंनी काहीच केलं नाही. काचेतून आत तेजू दिसत होती. दहा-बारा अनोळखी पोरांना पुढे उभी राहून ती नाच शिकवत होती, बापाचाच नाच, आणि दाराच्या फटीतून गाणंही तेच ऐकू येत होतं. तिने वळताना बापाला पाहिलं. बाहेर आली नाही. फक्त काचेजवळ सरकली, पाठ आमच्याकडे केली, आणि पावलं जरा सावकाश टाकायला लागली.

आणि लिफ्टशेजारच्या त्या अरुंद बोळात, येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडवून, आमचे साडू काचेतल्या पावलांकडे बघत बायकोसोबत नाचले. एकही पाऊल चुकलं नाही. माझी बायको मुसमुसायला लागली. मी काही रडलो नाही, एसीचा वारा डोळ्यांवर येत होता.

जूनमध्ये तेजूला पुण्याला सोडायला गाडी मीच चालवली. हॉस्टेलच्या फाटकावर पाटी होती, पालकांनी इथपर्यंतच यावं. सामान आत गेलं, तेजू गेली, वळून हात केला. मग साडूंनी वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवला. मी मनात म्हटलं, झालं सुरू!

"कुठलं गाव तुमचं?"

"जालना."

साडूंनी जालन्यात कुणी काढलं नाही. द्राक्षांचे दिवस नव्हते, म्हणून बेदाण्याचं मोठं पाकीट त्याच्या हातात ठेवलं.

"मला नाय जायचं आत. पोरीला कधी यायला उशीर झाला ना, तर बाहेर उभी नका ठेवू. दार उघडा तिला."

परतीच्या वाटेवर, संगमनेरच्या अलीकडे, पावणेसातला त्यांचा हात सवयीने खिशात गेला. फोन काढला, तेजूचं नाव समोर आणलं, आणि बराच वेळ नुसते बघत बसले.

"लावा की," मी म्हणालो.

"नको," ते म्हणाले, आणि फोन परत खिशात ठेवला. "मैत्रिणी झाल्या असतील. मजेत असेल."

पुढच्या टोलनाक्यावरच्या माणसाला साडूंनी त्याचं गावसुद्धा विचारलं नाही.