भरावावरचा कुर्डू

वहिनी गेल्याचं मला डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकावर कळलं. सिस्टरनं येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा वहिनीच्या चपलांची पिशवी माझ्या मांडीवर होती. रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की आता परतीची रिक्षा एकटीनंच करायची... इतक्या खेपांनंतर माणूस असा होऊन जातो.

द्वारकावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. मी लग्न न केलेली नणंद, शाळेच्या ऑफिसात जन्म काढलेली. दादा गेला आणि नेरूळच्या तळमजल्यावरच्या घरात आम्ही दोघीच उरलो. दोघी उरणकडच्याच, पण नोकरीनं माझी बोली पुसून टाकली. तिची शेवटपर्यंत तशीच राहिली. आमच्या खिडकीखाली, कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीचा एक लांबट पट्टा आहे. जमीन म्हणायची आपली; बिल्डिंग बांधताना टाकलेला भराव तो. विटांचे तुकडे, मुरूम, सिमेंटचे गोळे आणि सकाळपासून डोक्यावर ऊन. सोसायटीनं तिथे गुलाब लावून पाहिले, लॉन अंथरून पाहिलं. सगळं करपलं. शेवटी कमिटीनं ठरवलं, पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग करायचं; पण ते काम रेंगाळत राहिलं.

त्याच सुमाराला आम्ही भाचीच्या हळदीला उरणजवळ द्रोणागिरीला गेलो होतो. वहिनीच्या माहेरचा बांध होता तिथे आता कंटेनर यार्डाची भिंत आहे. त्या भिंतीच्या कडेला, ट्रकांच्या धुळीत, कुर्डू, पावसाळ्यात उगवणारी रानभाजी, वाळून उभा होता. तिनं रिक्षा थांबवली आणि हळदीची नवी साडी सावरत थेट त्या धुळीत उतरली.

“वहिनी, साडी खराब होईल,” मी म्हटलं.

“होऊंदे. यो आमचाच हाय.”

वाळलेली कणसं तिनं पदरात बांधून आणली. घरी ताटात चोळली तर मोहरीहून बारीक, काळं चकचकीत बी निघालं. पावसाच्या तोंडावर तिनं भराव खुरप्यानं नुसता खरवडला, बी मूठभर रेतीत कालवून फेकलं आणि हातानं दाबलं. मी शेणखत आणू का विचारलं तर म्हणाली, “नको. खायला घातलंव तं नुसती पानंच येतील.” रोपं दाट उगवली. मधली मधली उपटून तिनं भाजी केली, शेजारीपाजारी वाटली. गणपती येऊन गेले आणि तो रखरखीत पट्टा गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांनी भरून गेला. ऑक्टोबरचं ऊन तापलं, बाकी कुंड्यांनी माना टाकल्या, कुर्डूनं मात्र पाणी मागितलं नाही. दिवाळीनंतर तो आपोआप वाळला. एका पावसाळ्याचं आयुष्य त्याचं. बी झडून खाली पडलं, थोडं तिनं डब्यात भरून ठेवलं.

मग तिच्या किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं, पाणी मोजून प्यायचं, पालेभाजी जवळजवळ बंदच. स्वतः लावलेला कुर्डू ती दुसऱ्यांना खायला घालायची आणि खिडकीत बसून त्याच्याकडे बघायची. “त्याला पानी लागत नाय, मना चालत नाय. आमचं बरं जमतंय,” असं म्हणून एकदा हसली होती. माझ्यात त्या दिवशी हसण्याचंही त्राण नव्हतं.

गेल्या वर्षी सेंटरहून परत आलो तर पट्टा सपाट झालेला. माळ्याला कोणीतरी मशीन फिरवायला सांगितलं होतं, गवत म्हणून. तुरे जमिनीवर पसरले होते. मी सेक्रेटरींच्या दाराकडे निघाले, पण वहिनीनं हात धरला. ती कठड्यावर टेकली आणि तिथूनच बोट दाखवत राहिली... हा उचल, तो उचल. तुऱ्याचं बी खालून वर पिकत जातं. खालचं तयार झालं होतं. ते सगळं आम्ही पेपरवर पसरून पलंगाखाली वाळवलं. पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ब्लॉकचा विषय निघणार होता, तिथे मात्र ती हट्टानं गेली. सुजलेले पाय खुर्चीखाली ओढून घेत म्हणाली, “मना दुसरं काय नको. मी हाय तवर ऱ्हाऊंदे. मी गेल्याव घाला तुमचं ब्लॉक.” पट्टा राहिला. या पावसाळ्याच्या आधी तिनं पुन्हा बी फेकलं, खुर्चीवर बसून. अंकुर दिसले आणि ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर सेक्रेटरी भेटायला आले. चहा घेतला, जरा घुटमळले. “ताई, घाई नाही... पण ब्लॉकचं काय करायचं? काकी बोलल्या होत्या तसं...”

“घाला,” मी म्हटलं. खरंच म्हटलं. भांडायचं, राखायचं, निगा ठेवायची, आता काही उरलंच नव्हतं माझ्यात.

ते खिडकीशी गेले, खाली बघत उभे राहिले. “उगवलंय ना सगळं. फुलून जाऊ दे ताई. नंतर बघू, टेन्शन नका घेऊ.”

ते गेले. मला आनंद झाला नाही. अजून एक काम अंगावर पडलं, एवढंच वाटलं.

गेल्या आठवड्यात रोपं फार दाटली म्हणून खाली उतरले. किती उपटायची ते मला नीट कळेना. हाताला येतील तेवढी उपटली, धुतली, लसूण-मिरचीवर भाजी टाकली. वहिनी आजारी पडल्यापासून आमच्या घरात मीठ नावापुरतंच होतं. तिच्यासमोर वेगळं जेवणं मला कधी जमलं नाही. आता पथ्य कोणाचं? पूर्वीसारखं चिमूटभर घातलं, पान वाढून घेतलं.

पहिलाच घास खारट लागला. भाजी झाकून ठेवली आणि नुसत्या भाकरीवर जेवले.