जोडाचं लोखंड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. बहुधा तुम्ही घाटंजीचे नाही म्हणून.

मी घरांच्या लोखंडाचे अंदाज काढतो. कॉलमला किती, बीमला किती, स्लॅबला किती — नकाशा बघून यादी करून देतो आणि मालक तेवढीच सळई मागवतो. गावात मला आकड्याला पक्का माणूस समजतात. समजू देत.

एक निवृत्त गुरुजी घर बांधत होते. सळई बांधायला जवळच्या तांड्यावरचा प्रेमसिंग होता. शाळा चौथीपर्यंत, पण हातात माप. काम सुरू होताना त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, जोडाचं लोखंड धरलं का तुमी? बीम लंबा हाय." सळई चाळीस फुटांची येते, बीम त्याहून लांब असला की दोन सळया एकमेकींवर दोन-अडीच फूट चढवून बांधाव्या लागतात. एवढंही मला कळत नसेल? मला रागच आला. "तू फक्त बांध," म्हणालो. आणि तेव्हापासून त्याच्यावर नजर ठेवायला लागलो. तुकडे कुठे टाकतो, डब्याची पिशवी जड का दिसते — खोटं कशाला बोलू, मला त्याच्यात काहीतरी सापडायलाच हवं होतं.

स्लॅबच्या आदल्या दिवशी सळई कमी पडली. चांगली क्विंटलभर. मिक्सर ठरलेला, मजूर सांगितलेले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणालो असेन? "माह्या यादीपरमानं माल पुरा आलता. गेला कुठी, ते बांधनाऱ्याले इचारा." बस, एवढंच. चोर हा शब्द मी उच्चारला नाही — तो त्यांच्यावर सोडला.

गुरुजींचा मुलगा आणि शेजारचे दोघे प्रेमसिंगला गाडीत घालून त्याच्या घराची झडती घ्यायला निघाले. तांडा वीस मिनिटांवर. मी सावलीत बसून यादी उघडली. का उघडली? संशय मला होताच — आणि तो त्याच्यावर नव्हता. एकाही बीमला जोड धरलेला नव्हता. गाडी अजून डांबरी रस्त्यावरच असेल. फोन माझ्या हातात होता. मी तो खिशात ठेवला आणि यादी फाडली.

त्यांनी गुरांच्या कुटाराचा ढीग उपसला, त्याच्या बायकोची पेटी अंगणात उलटी केली. काही निघालं नाही. मग म्हणाले, विकली असेल. प्रेमसिंग परत आला, नवी सळई आल्यावर उरलेलं काम पुरं केलं; अर्धवट बांधलेला स्लॅब टाकून जाणं त्याला जमत नसावं. जाताना जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं का? आजही बाजारात तांड्याचा कोणी माणूस माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, तर मी रस्ता बदलतो.

नंतर त्याला इथे कोणी काम दिलं नाही. आता हैदराबादकडे असतो म्हणे. बायको-मुलं इथेच.

मागच्या महिन्यात गुरुजींनी वरच्या मजल्याचा अंदाज मलाच काढायला सांगितला. बांधायला कोणाला बोलवायचं, असा विषय निघाला. त्यांची सून म्हणाली, प्रेमसिंगचं काम चांगलं होतं. गुरुजी एकदम चिडले. "त्या चोराचं नाव काढू नका माह्या घरात." मग माझ्याकडे वळून, "काय साहेब?"

मी म्हणालो, "बरोबर हाय, गुरुजी."