वन्संचे डोंगर

फोन आला तेव्हा मी पुण्यात, मुलाकडे, नातीची वेणी घालत बसले होते. आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत समोर राहणाऱ्या देवरेताईंचा फोन. "काकू, कमलमावशी दार उघडत नाहीयेत. दुधाची पिशवी अजून बाहेरच आहे..." वेणी अर्धी राहिली होती, ती मी पुरी केली, रिबीन बांधली, आणि मग मिलिंदला म्हटलं, "गाडी काढ. आत्या गेली बहुतेक." आम्ही नाशिकला पोचेपर्यंत सुताराला बोलावून दार उघडलं होतं. आत कमल कुशीवर वळून, गालाखाली हात घेऊन झोपलेल्या. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्यांना कळलंही नसेल. सगळे म्हणाले, पुण्यवान बाई. आता महिना उलटून गेला आहे. भेटायला येणारी माणसं थांबली आहेत, आणि घरात इतकी शांतता आहे की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकते.

कमल म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. मी त्यांना 'वन्सं' म्हणायचे, त्या मला 'वहिनी'. माझं लग्न होऊन मी कळवणच्या घरात आले तेव्हा त्यांचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. आदल्या वर्षी त्यांच्या ओठाच्या कडेला चुन्याचं बोट लागावं एवढा पांढरा डाग उठला होता. कोड. पुढे तो हातांवर, मानेवर पसरला. पाहुणे यायचे, पोहे खाऊन जायचे, आणि मग निरोप यायचा नाही. दोन-तीन वेळा असं झाल्यावर सासऱ्यांनी तो विषयच बंद केला. आम्ही नाशिकला आलो तेव्हा वन्संही आल्या. अंबडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. भर मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज. हळदीकुंकू नाही, बारसं नाही, लग्नात गेल्याच तर शेवटच्या रांगेत. आम्ही मुलाला घेऊन कुठे सहलीला निघालो की म्हणायच्या, "घराकडे कुणीतरी हवं ना." आम्हालाही ते खरंच वाटायचं. साठी गाठेपर्यंत त्या बाईने कळवण, नाशिक आणि अंबडचा रस्ता एवढंच बघितलं होतं. सप्तशृंगीचा गड कळवणहून हाकेच्या अंतरावर, पण लहानपणी आईच्या कडेवर गेल्या तेवढ्याच.

हे गेले, आणि दिवसकार्य आटोपल्यावर मिलिंद म्हणाला, "आई, आता इथे कशाला राहतेस? फ्लॅट विकू, तू माझ्याकडे ये." त्याचं काही चुकत नव्हतं. मी हळूच विचारलं, "आणि आत्या?" "आत्याचं बघू काहीतरी," तो म्हणाला. वन्सं तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. चहा घेऊन बाहेर आल्या, सगळ्यांना दिला, मिलिंदच्या कपात साखर ढवळून दिली. चेहऱ्यावर काही नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच म्हणाल्या, "वहिनी, त्र्यंबकला जाऊन येऊ या का?" मला नवल वाटलं. देवळात जायचं म्हटलं की अंग चोरणारी ही बाई, आज स्वतःहून कशी? दर्शन झालं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "इथे मागच्या गल्लीत एक काम आहे." एका जुन्या दोन मजली इमारतीत शिरलो. दारातल्या बाई हसून म्हणाल्या, "या कमलताई. तुमच्यासाठी खिडकीजवळचाच पलंग ठेवलाय." तो वृद्ध बायकांचा आश्रम होता. म्हणजे वन्सं आधी एकट्या येऊन गेल्या होत्या, सगळं बोलून ठेवलं होतं. खोलीत चार पलंग, प्रत्येकाखाली एक ट्रंक. खिडकीतून ब्रह्मगिरी दिसत होता. वन्संनी दुकानात बघावी तशी गादी हाताने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "चांगली आहे." पलीकडच्या पलंगावर एक आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आम्ही बोलत होतो, पण त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

आम्ही बाहेर आलो. कुशावर्ताच्या पायऱ्यांवर बसलो, तेव्हा मला राहवेना. "हे काय चालवलंय तुम्ही, वन्सं?"

"वाईट काय आहे? देव जवळ, डोंगर समोर. तुम्ही मिलिंदकडे सुखाने जा. माझा घोर नको."

"तुम्हाला इथे करमेल?"

त्या पाण्याकडे बघत राहिल्या. कुणीतरी डुबकी मारत होतं, कुणी भटजींच्या मागून मंत्र म्हणत होतं. "मला कुठे करमेल हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, वहिनी. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते... नाही करमणार."

"मग गप घरी चल," मी म्हणाले. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण अगंतुगं पहिल्यांदाच केलं. माझं मलाच ऐकून चमकायला झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि उठल्या. त्याच संध्याकाळी मी मिलिंदला कळवलं, फ्लॅट विकायचा नाही, आम्ही दोघी इथेच राहणार. तो थोडे दिवस रुसला. मग दिवाळीला आला तेव्हा आत्यासाठी साडी घेऊन आला.

त्या दिवशी त्र्यंबकहून येताना एसटीत वन्सं खिडकीशी बसल्या होत्या. अंजनेरीजवळ विचारलं, "वहिनी, हा डोंगर चढून गेलं तर वर काय असेल हो?" मला ठाऊक नव्हतं. "एकदा बघून यायला हवं," म्हणाल्या. तिथून आमचं हिंडणं सुरू झालं. अंजनेरी अर्ध्यापर्यंतच चढलो आणि दम लागून धापा टाकत हसत बसलो. सप्तशृंगीचा गड झाला, भीमाशंकर झालं, महिला मंडळाबरोबर महाबळेश्वर झालं. पण वन्संचा जीव जडला तो सापुताऱ्यावर. पहिल्यांदा गेलो ते ऐन थंडीत. तळ्याकाठी कोण बायका, कोण पुरुष, ओळखू येऊ नये इतके सगळे शालीत, कानटोप्यांत, हातमोज्यांत गुंडाळलेले. वन्सं उभ्या राहून बघत राहिल्या आणि एकदम लहान मुलीसारखं त्यांच्या तोंडून कळवणकडच्या बोलीत निघालं, "कितलं भारी शे!" मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वहिनी, इथे सगळेच माझ्यासारखे झाकलेले." मी त्यांच्याबरोबर हसले. हसता हसता मला भरून आलं, ते मी थंडीवर ढकललं.

देवाच्या गावांत एवढं सोपं नव्हतं. भीमाशंकरला प्रसादाच्या पंगतीत शेजारच्या बाईने आपलं ताट उचललं आणि चार माणसं सोडून पलीकडे जाऊन बसली. वन्संनी भात कालवला, खाल्ला, हात धुतला. बसमध्ये मी त्या बाईला शिव्या घालत होते, तर म्हणाल्या, "अहो, भात मात्र छान होता."

आणि मग एकदा सापुताऱ्याच्या वाटेवर, हातगडच्या अलीकडे गाडी बिघडली. सगळे खाली उतरले. रस्त्याकडेला एक म्हातारी करवंदं विकत बसली होती, पाड्यावरची, काष्टा घातलेली. पानाच्या द्रोणात करवंदं देताना तिने वन्संचा हातच धरला. बाही जराशी वर सरकली होती. मला वाटलं, झालं, आता काहीतरी बोलणार. म्हातारीने डागावरून अंगठा फिरवला. "दुखतं का गं, बाय?"

"नाही," वन्सं म्हणाल्या.

"खाजतं?"

"नाही."

"मंग काय!" असं म्हणून तिने वर चार करवंदं जास्तीची टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

गाडी सुरू झाली. वन्सं द्रोण मांडीवर धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "एवढे डॉक्टर झाले, वैद्य झाले, पाहुणे येऊन गेले. मला दुखतं का, हे कुणी विचारलं होतं का, वहिनी?" मीही कधी विचारलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्या शिंप्याकडे गेल्या आणि कोपरापर्यंत बाह्यांचे तीन ब्लाउज शिवून आणले. त्यातला पोपटी घालून गडावर गेल्या. रांगेत दोघीतिघींनी वळून पाहिलं. वन्सं देवीकडे बघत होत्या, सरळ, मान वर करून. शेवटच्या प्रवासालाही मी त्यांना तोच ब्लाउज घातला.

मिलिंद परत म्हणतोय, आता तरी ये. येईन म्हटलं आहे, कधी ते सांगितलेलं नाही. दिवसभर घरात बोलायला कुणी नसतं. भाजीवाल्याशी मी उगाच चार वाक्यं जास्त बोलते. देवरेताई डोकावतात, पण त्यांनाही त्यांचं घर आहे. परवा काय मनात आलं, सकाळी उठून सीबीएस स्टँडवर गेले आणि सापुताऱ्याच्या गाडीत बसले. पहिल्यांदाच खिडकीशी. दिंडोरी गेली, वणी गेली, डोंगर सुरू झाले, आणि लक्षात आलं की मला हा रस्ता नीट ठाऊकच नाही. मी इतके दिवस डोंगर बघितले ते वन्संच्या खांद्यावरून, आणि त्यातही अर्धा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, "आजी, सोबत कुणी नाही?" मी मान हलवली. ती परत मोबाईलमध्ये गेली.

वन्संना वळणांची फार भीती. घाट लागला की बोलणं बंद व्हायचं, आणि न बघता त्यांचा हात माझ्याकडे यायचा, मनगट घट्ट धरायचा. वर पोचेपर्यंत बोटांचे वळ उमटायचे. परवाही घाट लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि मी खाली पाहिलं तर माझं मनगट मीच घट्ट धरून बसले होते. सापुतारा येईपर्यंत सोडलं नाही.