चौसष्ट ग्लास

आमच्या घरात दोन प्रकारची पत्रकं यायची. वडील तारापूरच्या एका कंपनीत ऑपरेटर होते. युनियनची पत्रकं गेटवर वाटून झाली की उरलेली ते घरी आणायचे. आई चर्चच्या मंडळीतून मिळालेली सुवार्तेची पत्रकं आणायची. दोन्हींच्या पाठच्या कोऱ्या बाजूंवर मी अक्षरं गिरवली. एक कागद उलटला की 'कामगार बंधूंनो', दुसरा उलटला की 'प्रिय बंधुभगिनींनो'. छापलेला मजकूर कुणाला तरी हाक मारूनच सुरू होतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

त्यामुळे आमच्या मेथडिस्ट मंडळीचं मासिक पत्रक पुढे माझ्याकडे आलं, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. मी तेव्हा एका कंपनीच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. एक कागद, दोन्ही बाजू, मधे घडी. पहिल्या रविवारी प्रभुभोजन, दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर भगिनी मंडळ, तिसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, शेवटच्या रविवारी आजाऱ्यांच्या भेटी. त्याखाली वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, प्रार्थनेच्या विनंत्या. शेवटच्या कोपऱ्यात चार ओळी माझ्या. बोईसर स्टेशनजवळ झेरॉक्स काढायची आणि दारात उभं राहून हातात द्यायची.

आमची उपासना रविवारी दुपारी चारला असते. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं हसू येतं, पण पहिली पाळी तीनला सुटते आणि माणसं थेट गेटवरून येतात. कुणी सालवडहून, कुणी बेटेगावहून, दोन-तीन कुटुंबं पालघरहून. बहुतेकांची मूळ गावं नगर, पुणे, जालना अशी लांबची. 'सलाम' म्हणून हात मिळवले की मनगटाला अजून कंपनीच्या साबणाचा वास असतो.

प्रभुभोजनात भाकरीच्या तुकड्याबरोबर घ्यायचा रस काळ्या मनुका उकळून करतात. तो अंगठ्याएवढ्या काचेच्या ग्लासांत भरायचं काम एका काकांकडे आहे. ते वीज केंद्रातून निवृत्त झाले, पण शिस्त तिथलीच आहे. सभासद चौसष्ट, ग्लास चौसष्ट. ज्यांची कंपनीत पाळी असते ते काकांना आधी कळवतात, तेवढे ग्लास काका कमी भरतात. म्हणून शेवटी जो ग्लास भरलेला उरतो तो न सांगता न आलेल्या माणसाचा. किंवा आला, पण वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकायला उठला नाही, अशा माणसाचा. भांडण मनात असताना आमच्यात कुणी प्रभुभोजन घेत नाही.

हे ग्लास मावशी धुवायची.

मावशी कुणाची सख्खी मावशी नाही, सगळ्यांची आहे. मनोरच्या पलीकडे डोंगरात तिचं माहेर. कुंभवलीला एका खोलीत राहते आणि एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासते. तिला वाचता येत नाही. गीताचं पुस्तक ती हातात उघडून धरते, बहुतेक वेळा भलत्याच पानावर, आणि शब्द मात्र एकही चुकत नाही. उपासना संपली, सगळे चहाला बाहेर गेले की ती मागच्या लहान खोलीत सिंकपाशी उभी राहायची. एकेक ग्लास धुवायची, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायची, उजेडात धरून बघायची आणि ट्रेच्या भोकात ठेवायची. भरलेले उरलेले ग्लास आधी खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडायची. सगळ्यात शेवटी त्यांतला रस मागच्या बदामाच्या झाडाच्या मुळाशी ओतायची, कारण तो गटारात सोडत नाहीत.

हे मी लहानपणापासून बघत होते. आणि एका महिन्यात मला ते सहन होईना. कँटीनमध्ये दमून आलेली एक बाई एकटी आत उभी आणि आम्ही सगळे बाहेर समोसे खात प्रभूच्या मेजावरच्या समतेबद्दल बोलतोय. त्या महिन्याच्या पत्रकात मी माझ्या चार ओळींऐवजी अर्धं पान घेतलं. मथळा दिला, 'सिंकपाशी कोण?' त्यात एक वाक्य होतं: 'जी बहीण आठवडाभर कंपनीची भांडी घासते, तिने रविवारी देवाच्या घरातही भांडीच घासावीत काय?' खाली मागणी: सर्व कुटुंबांची पाळी लावा, पुरुषांसकट.

वडिलांनी कागद वाचला. वाक्य आवडल्याचं त्यांच्या भुवयांवरून कळलं.

"तिला वाचून दाखवलंस?"

"काय दाखवायचं त्यात? दिसतंय ना सगळ्यांना."

"आम्ही गेटवर वाटायच्या आधी, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला वाचून दाखवायचो."

"पप्पा, तुमच्यासमोर मॅनेजमेंट होती. इथे सगळे आपलेच आहेत."

"म्हणूनच विचारलं," ते म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

पहिल्या रविवारी पत्रक वाटलं. उपासनेनंतर चहा तसाच राहिला. भगिनी मंडळाच्या अध्यक्षा शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी पत्रक लाल शाईने तपासल्यासारखं धरलं होतं.

"आम्ही काय तिला जुंपलंय होय गं? ती आपल्या खुशीने करते."

"मग दुसऱ्या कुणाला कधीच खुशी का होत नाही, बाई?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. काका म्हणाले, "घ्या! आता पुरुष मंडळींना एप्रन शिवा."

"शिवा की," त्यांची बायको म्हणाली. "घरी तर कधी हात ओला झालेला नाही. देवाघरी तरी होऊ दे."

पाळकसाहेब मवाळ माणूस. त्यांनी सूचनेत तत्त्व आहे असं म्हटलं आणि मग मावशीकडे वळले. "मावशी, तुम्हाला चालेल ना?"

मावशी दाराला टेकून उभी होती. "तुमी म्हनाल तसं," ती म्हणाली.

पाळीची यादी मीच केली आणि सिंकच्या वर टाचणीने लावली. त्या संध्याकाळी शेअर रिक्षात बसले तेव्हा मी जिंकले होते.

पुढच्या महिन्यात सालवडच्या एका जोडप्याची पाळी होती. त्यांनी दहा मिनिटांत सगळे ग्लास नळाखाली धरून पालथे घातले. मावशी बाहेर खुर्चीवर बसली होती. मांडीवर पिशवी, हातात चहाचा कप. अध्यक्षाबाईंनी तिला आग्रहाने समोसा वाढला. ती तो पाहुण्याच्या घरी खातात तसा, खाली काही सांडू न देता खात होती. मला ते दृश्य आवडलं. पुढच्या पत्रकात मी त्यावर दोन ओळीही लिहिल्या.

त्याच्या पुढच्या महिन्यात काय झालं ते मला आठवत नाही. न आठवण्याचं कारण नंतर कळलं.

चौथ्या महिन्यात आमच्या घराची पाळी आली. आईचे हात चपात्या भाजताना पोळले होते, पप्पा गावाला गेले होते, म्हणून मी एकटीच सिंकपाशी गेले. ट्रेमध्ये तीन ग्लास भरलेले होते. मी काकांना हाक मारली.

"हे तीन कुणाचे?"

"कोण जाणे. मी भरतो फक्त. उरलेल्यांचं मावशीला माहीत असायचं." काकांनी बोटांवर मोजत दोन नावं काढली. एक नुकतीच बाळंतीण झालेली मुलगी. दुसरे सालवडला एकटे राहणारे आजोबा. "अरे, ते गेल्या महिन्यालाही नव्हते. चौकशी कुणी केली का?"

कुणी केली नव्हती. त्याच संध्याकाळी फोन केला तेव्हा कळलं, आजोबा जिन्यावरून पडले होते, पाय प्लास्टरमध्ये होता, आणि शेजारचं एक बिहारी कुटुंब दोन्ही वेळ त्यांना जेवण देत होतं.

"आणि तिसरा?" त्याआधी सिंकपाशीच मी काकांना विचारलं होतं.

काका ट्रेकडे बघत राहिले. "तिसरा मावशीचाच की गं. ती आलीच नाही आज. बहुतेक मागच्या महिन्यालाही नव्हती."

मागच्या महिन्यातलं मला काही का आठवत नव्हतं ते आता कळलं: ती नाही हे मी बघितलंच नव्हतं. मी ग्लास धुतले. पन्नास-साठ ग्लास धुवायला वेळ लागतो आणि त्या वेळात डोक्याला दुसरं काम नसतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी रागावून दोन महिने उपासनेला जात नव्हते. कारण आता सांगण्यासारखं नाही, तेव्हा फार मोठं होतं. त्या काळात एका बुधवारी मावशी शेवग्याच्या शेंगा घेऊन आमच्या घरी आली होती. चर्चचा विषयही काढला नाही. आईशी कँटीनच्या गप्पा मारल्या, मला म्हणाली, "वालली गो पोरी, जेवत नाय काय?" आणि गेली. ती आईला भेटायला आली असं मी समजले होते. त्या वेळी माझाही ग्लास कट्ट्यावर उभा राहिला असणार.

आमच्याकडच्या कंपन्यांना शुक्रवारी सुट्टी असते. मी कुंभवलीला गेले. मावशी दारात बसून तांदूळ निवडत होती.

"ये पोरी. आनि कागुद आनलास काय?"

"नाही आणला. मावशी, तुम्ही पहिल्या रविवारी येत नाही."

"ओवरटाइम घेते मी. हातावर हात ठेवून चाय पिवाची, त्यापरीस ड्युटी बरी."

"पण तुम्ही हो म्हणालात."

"मी बोलले, तुमी म्हनाल तसं. त्यात हो कुटं हाय?"

मग मला जे पाठ होतं ते मी म्हणाले, की एकाच बाईने राबावं आणि बाकीच्यांनी बसावं हा अन्याय आहे.

"हाय ना," ती सुपावरची नजर न काढता म्हणाली. "कँटीनमदी मी पोटासाठी घासते. तिथं ताट कुनाचं, मला काय ठावं? हितं मला ठावं हाय. कोन आला, कोन नाय आला, कोन येऊन बसून राला. धुता धुता समजतं. मंग आठवड्यात जाऊन येते एक फेरी. आता कोन जातं?"

"कुणीच नाही."

"मंग."

सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "काय लिवलंस ते वाच तरी. सगल्यांनी वाचलं, एक मी सोडून."

नाही म्हटलं होतं तरी पत्रक माझ्या बॅगेत होतं, हे तिला कसं कळलं कोण जाणे. मी वाचून दाखवलं. स्वतःचं लिहिलेलं ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासमोर मोठ्याने वाचताना त्यातले जोर चुकीच्या जागी पडल्यासारखे वाटतात. 'बहीण' शब्दाशी तिने मला थांबवलं.

"ती भईन कोन? मी?"

"हो."

"मंग नाव टाकाचं. घाबरलीस?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "पुरुषांना कामाला लावलंस ते ब्येस झालं. ते राहू दे. चायचे कप त्यांनी धुवाचे. ग्लास माजे. आनि हे कागदावर नको. तोंडानं सांग जाऊन."

तोंडाने सांगणं मला जड गेलं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी उभी राहिले आणि मावशीला न विचारता लिहिलं ती माझी चूक होती, असं म्हटलं. अध्यक्षाबाईंनी 'मी म्हटलं नव्हतं?' असं विचारलं नाही. ते त्यांचं मोठेपण, हे मला नंतर जाणवलं. काकांनी मात्र हात वर केला.

"म्हणजे आता आम्ही नुसते कपच धुवायचे?"

"हो."

"आणि तू?"

"मी मावशीच्या हाताखाली."

पाळीची यादी मी सिंकवरून काढून चहाच्या पातेल्यापाशी लावली. ती अजून तिथे आहे आणि पुरुष बडबडत का होईना, कप धुतात. त्या पत्रकातली मागणी मला आजही चूक वाटत नाही. पुरुषांच्या हाताला पाणी लागायलाच हवं होतं; त्यासाठी मावशीच्या हातातले ग्लास काढून घ्यायची गरज नव्हती, एवढंच मला दिसलं नव्हतं.

पुढच्या पहिल्या रविवारी मावशी सिंकपाशी होती. तिने धुतलेले ग्लास मी पुसत होते. पाचवा ग्लास तिने माझ्या हातातून काढून उजेडात धरला आणि परत दिला.

"बोटाचा ठसा हाय."

मी पुन्हा पुसला. कट्ट्यावर दोन ग्लास भरलेले होते. मावशीने हात कोरडे केले आणि त्यांच्यासमोर क्षणभर उभी राहिली.

"ह्यो सालवडच्या बाबांचा. पाय बांदलेलाच हाय अजून. बुदवारी जाईन."

"आणि हा?"

तिने दारातून बाहेर बघितलं. बाहेर सगळे होते, कुणी कमी दिसत नव्हतं. चहा, समोसे, काकांच्या हातात कपांचं टोपलं.

"आलाय तो मानूस," ती म्हणाली. "गुडघं टेकाया उठला नाय."

"कोण? काय झालं?"

मावशीने दोन्ही ग्लास उचलले आणि बदामाकडे निघाली.

"तुला कशाला? तू लिवशील."