तो काळा रंग मी टाकला होता

नितेशची चूक नव्हती. माझी होती.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. डेंग्यूचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेला. सत्तावीस वर्षांचा.

माणिकपूरच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात तो अ‍ॅप डेव्हलपर होता, मी त्याचा टीम लीड. राहायला जूचंद्रला. घरात सगळे रांगोळीवाले. त्याच्या रंगांच्या डब्यांवर चिठ्ठ्या असायच्या. 'तपकिरी' नाही, 'गालाची सावली'. 'काळा' नाही, 'केस'.

अ‍ॅपमध्येही तेच. सगळे रंग एका फाइलमध्ये, आणि प्रत्येकाला त्याच्या कामाचं नाव. मुख्य बटण. मजकूर. पार्श्वभूमी.

मी चिडवायचो, "अरे, निळ्याला निळा म्हण ना सरळ."

"दादा, उद्या क्लायंटने निळ्याचा हिरवा केला तर? निळा नावाचा हिरवा सांभाळत बसू?"

त्याचा एकच नियम होता. स्क्रीनवर थेट रंगाचा कोड लिहायचा नाही, फाइलमधूनच घ्यायचा.

दवाखान्यांच्या एका अ‍ॅपवर त्याने वर्षभर जीव ओतला. क्लायंटला डार्क मोड हवा होता, म्हणजे काळी पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरं. नितेशने ती एकच फाइल बदलली आणि सगळे स्क्रीन बदलले.

एक सोडून.

डॉक्टरांच्या यादीच्या स्क्रीनवर मी घाईत अक्षरांना थेट काळा टाकून ठेवला होता. कोण फाइल उघडत बसणार? मी शहाणा ना.

डेमोला काळ्यावर काळं. क्लायंट म्हणाला, "डॉक्टर कुठे गेले?"

कोणी हसलं नाही. आमच्या साहेबांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

मी म्हणालो, "कलर्स नितेश बघतो."

खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त नीच होतं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. ती ओळ कोणी लिहिली हे कोडच्या हिस्ट्रीत नावासकट दिसतं. त्याने जागेवर जाऊन बघितलंही असणार. दहा मिनिटांत दुरुस्त केलं, कोणाला काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला त्या अ‍ॅपवरून काढलं. टेस्टिंगला बसवलं.

त्या दिवसापासून तो मला 'सर' म्हणायला लागला.

मला समजत होतं. रोज वाटायचं, आज बोलू. मग वाटायचं, रिलीज होऊ दे, अप्रेझल होऊ दे. माझंच अप्रेझल, अर्थात.

मग तो आजारी पडला. मी मेसेज केला, 'टेक केअर, लवकर ये.' त्याने अंगठा पाठवला.

दहाव्याला जूचंद्रला गेलो. त्याच्या बाबांनी मला बाजूला घेतलं.

"साहेब, पोराला त्या कामावरनं का काढला व्हता? त्याचं काय चुकलं? तो आमाला कदी बोलला नाय. पन लय दिस नीट जेवला नव्हता."

मी म्हणालो, "काही नाही काका. ऑफिसात होतं असं कधीकधी."

त्यांनी मान हलवली. आतून माझ्यासाठी चहा आला. मी तो प्यायलो.

आज वर्षश्राद्धाला पुन्हा जातोय. ही पोस्ट आधी टाकतोय, म्हणजे तिथे परत मूग गिळून बसता येणार नाही. ऑफिसातल्या सगळ्यांना टॅग केलंय. साहेबांनाही.

नितेश, तुझ्या बाबांना आज खरं सांगेन.

तुला सांगायचं राहूनच गेलं रे.

श्रद्धांजली.