एका बाईचे दोन थांबे

माझ्या हाताच्या चित्रांचा मला भारी अभिमान. डेटाबेसचा नकाशा काढायचा म्हटलं की मी पट्टी घेऊन बसणार, माहितीच्या तक्त्यांचे चौकोन आखणार, त्यांना जोडणाऱ्या रेघा ओढणार, वर रंगही भरणार. त्यामुळे रोह्याच्या आमच्या छोट्या ऑफिसात साहेबांनी सांगितलं, की यापुढे नकाशे हाताने काढायचे नाहीत, कोडमध्ये लिहिलेल्या मॉडेलांवरून, म्हणजे तक्त्यांच्या व्याख्यांवरून, आपोआप काढून घ्यायचे, तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

काम होतं रोह्याजवळच्या एका कंपनीच्या बसचं. पेणहून निघून वडखळ, गडब करत ती कामगारांना पहिल्या शिफ्टला आणते. आजवर कुणी हात केला की ड्रायव्हरकाका थांबायचे. सोमवारपासून माझं अ‍ॅप सांगेल तिथंच थांबायचं; यादीत ज्या थांब्यावर कुणी नाही, तिथून गाडी सरळ पुढे.

कमांड दिली आणि दोन मिनिटांत नकाशा तयार. दिसायला ओबडधोबड, रेघा एकमेकींच्या अंगावरून गेलेल्या. बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! शनिवारी कंपनीच्या कॅंटीनमध्ये पॅकिंगच्या बायकांना अ‍ॅप समजावायला गेले, तेव्हा तो मी माझ्या रंगीत चित्राच्या शेजारी मुद्दाम चिकटवला.

एक बाई चहाचा कप घेऊन आली, माझ्या चित्राकडे ढुंकूनही न बघता मशीनच्या नकाशासमोर उभी राहिली.

"ताई, ह्यो कोंबडीचा पाय कसला?"

मी सांगितलं, रेघेच्या टोकाला असा तीन बोटांचा पाय असला तर तिकडे अनेक, नुसती आडवी काडी असली तर एकच. एका थांब्यावर अनेक कामगार, म्हणून पाय कामगारांच्या बाजूला.

तिने रेघेवरून बोट थांब्याच्या चौकोनापर्यंत नेलं. तिथं काडी होती. "म्हणजे मला थांबा एकच?"

मी नाव विचारून यादीत पाहिलं. "हो, गडब. तिथंच घर ना तुमचं?"

"सासर हाय गडबला. आई वडखळला. पडली ती, मांडीचं हाड मोडलं. एक आठवडा भावजय बघते, एक आठवडा मी. आता वडखळला गाडी थांबायची नाय?"

यादीत वडखळचं कुणीच नव्हतं. म्हणजे गाडी हिच्या आईच्या दारावरून जाणार आणि ही हात करत उभी राहणार. काम कंत्राटी, दोनचार शिफ्ट चुकल्या की नाव कमी.

मला माझाच संताप आला. माझ्या देखण्या चित्रात त्या दोन चौकोनांमध्ये नुसती गुळगुळीत रेघ होती, ना पाय ना काडी. मनात होतं तेवढं मी रंगवलं होतं. मशीनने मी खरोखर लिहिलेलं काढून दाखवलं. आणि लिहिणारी कोण? पेणची लेक, रोह्याला दिलेली, दर पंधरा दिवसांनी पिशवी घेऊन माहेरी धावणारी. तीच मी 'एका कामगाराला एक थांबा' लिहून मोकळी झाले होते!

"सोमवारी कुठून चढणार?" मी विचारलं.

"वडखळवरून."

"मग तिथं थांबेल."

ऑफिसात परतल्यावर कामगार आणि थांबा यांच्या मधे नवा चौकोन घातला: कोण, कुठून, कोणत्या आठवड्यात. परत कमांड दिली. दोन्हीकडून आलेल्या रेघा आता त्या चौकोनाशी कोंबडीच्या पायांनी टेकल्या होत्या. त्या ओबडधोबड नकाशावर माझा जीव जडला. तरी विश्वास कुठं बसतोय! रविवारी आईकडे मुक्कामाला गेले आणि सोमवारी पहाटे पेणलाच त्या बसमध्ये चढले.

वडखळ जवळ आलं. ड्रायव्हरकाकांच्या मोबाइलवर 'वडखळ, एक' असं उमटलं. गाडी थांबली.

ती चढली. मला बघून चकित. "तुम्ही रोह्याच्या ना?"

"सासर रोह्याला. काल आईकडे होते."

"व्हय का!" ती हसली आणि माझ्या शेजारी बसता बसता फोन कानाला लावला.

"आये, थांबली गो गाडी. आता तरी चहा घे."